नॅसकारमधल्या छोट्या टीमचा मोसम कसा जोखायचा

नोकरीनिमित्त अमेरिकेत शार्लटला आलेल्या मराठी माणसाला नॅसकार, म्हणजे इथल्या मोटारींच्या शर्यती, टाळता येत नाहीत. शहराच्या मध्यात नॅसकारचं हॉल ऑफ फेम आहे, अर्ध्या तासावरच्या मूर्सव्हिलमध्ये टीम्सची वर्कशॉप आहेत, आणि कॉनकॉर्डला घर घेतलं की शार्लट मोटर स्पीडवे शेजारीच येतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिथे ६०० मैलांची रेस होते, तेव्हा ऑफिसात दुसरा विषय नसतो. आधी चार लोक बघतात म्हणून आपण बघतो, मग एखाद्या गाडीचा रंग आवडतो, ड्रायव्हरचा स्वभाव आवडतो, आणि कधीतरी लक्षात येतं की आपण ज्या टीमच्या मागे लागलोय ती फारशी जिंकतच नाही.

हेंड्रिक, गिब्स, पेन्स्के या बड्या टीमच्या चाहत्यांचं सोपं असतं. जिंकले तर रविवार चांगला, नाही तर वाईट. छोट्या टीमच्या चाहत्याची गाडी सतरावी येते. आता यात खूश व्हायचं की नाही? बहुतेक नवे लोक गुणतक्ता उघडतात, तिथे बावीसवा नंबर दिसतो आणि ‘काही खरं नाही यांचं’ म्हणून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की छोट्या टीमच्या बाबतीत गुणतक्ता सगळ्यात शेवटी बघावा. उदाहरणं मी बरीचशी एकाच टीमची घेतो, फ्रंट रो मोटरस्पोर्ट्सची. रेस्टॉरंटच्या धंद्यातले बॉब जेन्किन्स तिचे मालक. छोट्या टीमच्या नशिबी येणारं जवळजवळ सगळं या टीमने बघितलंय.

पायरी १: टीमची पायरी ओळखा

कप सिरीज म्हणजे नॅसकारची सगळ्यात वरची स्पर्धा. मोसमात गुण मिळणाऱ्या ३६ रेस, फेब्रुवारी ते नोव्हेंबर. एका रेसमध्ये जास्तीत जास्त ४० गाड्या. त्यातल्या ३६ जागा ‘चार्टर’ असलेल्या गाड्यांसाठी राखीव असतात. ही पद्धत २०१६ ला आली. चार्टर असेल तर प्रत्येक रेसमध्ये जागा पक्की आणि बक्षिसाच्या पैशातला वाटाही मोठा. नसेल तर ‘ओपन’ गाडी म्हणून उरलेल्या चार जागांसाठी धडपडायचं.

मोसम सुरू होण्याआधी आपल्या टीमबद्दल तीन गोष्टी शोधून ठेवा. चार्टर किती, इंजिन कुणाचं, आणि कुठल्या मोठ्या टीमशी तांत्रिक भागीदारी आहे का. फ्रंट रोचं इंजिन राउश येट्सचं, गाडी फोर्ड, आणि २०२४ पासून पेन्स्केशी सहकार्य. एवढं कळलं की आपल्या मापाच्या टीम कुठल्या ते ठरवता येतं. आपल्यासारख्याच ताकदीच्या चार-पाच गाड्यांचे नंबर लिहून ठेवा. वर्षभर तुलना त्यांच्याशीच करायची. हेंड्रिकच्या गाडीशी तुलना करून उगाच जीव जाळण्यात अर्थ नाही.

पायरी २: एक वही करा

एक्सेल चालेल, वही चालेल. रकाने थोडेच ठेवा, नाही तर एप्रिलपर्यंत कंटाळा येतो. ट्रॅक, सुरुवातीचा क्रमांक, पहिल्या स्टेजअखेरचा, दुसऱ्या स्टेजअखेरचा, शेवटचा, आणि ‘काय झालं’ यासाठी एक ओळ. बस्स.

स्टेज म्हणजे रेसचे टप्पे. साधारण प्रत्येक रेसचे तीन टप्पे असतात (शार्लटच्या ६०० मैलांच्या रेसचे चार), आणि शेवटचा सोडून बाकीच्या टप्प्यांअखेर पहिल्या दहांना १० ते १ असे गुण मिळतात. रेसच्या शेवटच्या गुणांचा हिशोब तोंडपाठ होतो: दुसऱ्या क्रमांकाला ३५, तिसऱ्याला ३४, असं एकेक उतरत ३६व्याला १. म्हणजे ३७ मधून क्रमांक वजा केला की गुण हातात. विजेत्याला आधी ४० होते, २०२६ पासून ५५ झाले.

आता समजा वहीत या दोन ओळी आहेत.

पहिली रेस: सुरुवात २८, पहिली स्टेज २४, दुसरी २२, शेवट १४. काय झालं: थांबलेली रेस शेवटची पुन्हा सुरू होताना (रिस्टार्ट) पुढे मोठी धडक, आठ गाड्या बाद.

दुसरी रेस: सुरुवात १९, पहिली स्टेज ११, दुसरी ९, शेवट २९. काय झालं: वीस लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) उरले असताना उजवा पुढचा टायर फुटला, भिंतीला घासली.

गुणतक्त्यात पहिल्या रेसचे २३ गुण दिसतील आणि दुसरीचे स्टेजचे धरून १०. पण गाडी कुठल्या रविवारी चांगली होती? दुसऱ्या. दिवसभर ती पहिल्या दहा-बारांत पळत होती. पहिल्या रेसमध्ये गाडी बावीस-चोवीस क्रमांकाचीच होती, पुढचे लोक एकमेकांवर आदळले म्हणून ती चौदावी दिसली. वही ठेवायची ती एवढ्यासाठीच. नॅसकारच्या आकडेवारीत ‘सरासरी धावता क्रमांक’ मिळतो, म्हणजे रेसभर गाडी साधारण कितवी पळत होती. तो सापडला तर आणखी एक रकाना वाढवा. माझ्या मते छोट्या टीमसाठी याच्याइतका कामाचा आकडा दुसरा नाही.

पायरी ३: ट्रॅकचे ढीग वेगळे करा

ही पायरी गाळली तर बाकीची मेहनत वाया जाते, म्हणून इथे थोडं थांबतो.

सगळ्या ट्रॅकवर गाडीची परीक्षा सारखी होत नाही. डेटोना, टॅलाडेगा आणि २०२२ मध्ये नव्याने बांधल्यापासून अटलांटा, इथे गाड्या एकमेकींच्या मागे घोळक्याने पळतात. हवा पुढची गाडी कापते, मागची तिच्या आडोशाने वेग घेते. त्यामुळे दुबळी गाडीही पुढे राहू शकते, आणि एकाचा हात चुकला की वीस गाड्यांचा चुराडा होतो. शार्लट, कॅन्सस, लास व्हेगास हे दीड मैलाचे ट्रॅक. इथे इंजिन, हवेची पकड, वर्कशॉपमधलं गणित, सगळं उघडं पडतं. पैसा इथेच बोलतो. मार्टिन्सव्हिल आणि ब्रिस्टल अर्ध्या मैलाचे, तिथे ब्रेक आणि संयम. आणि सोनोमा, वॉटकिन्स ग्लेनसारखे डावी-उजवी वळणं असलेले रोड कोर्स, जिथे ड्रायव्हरच्या हाताला जास्त किंमत.

वहीत या चारही प्रकारांचे वेगळे ढीग करा आणि पहिल्या ढिगाला प्रगतीच्या हिशोबात फारसं धरू नका. आनंद जरूर घ्या. फ्रंट रोचा पहिला विजय २०१३ चा, टॅलाडेगाचा. दोन लॅप उरले असताना डेव्हिड रेगन दहावा होता. त्याच टीमच्या डेव्हिड गिलिलंडने मागून ढकलत ढकलत त्याला पुढे नेलं आणि दोघं पहिले-दुसरे आले. असा शेवट बघायला मिळाला तर आयुष्यभर सांगत बसाल. पण त्यावरून पुढच्या आठवड्यात दीड मैलाच्या ट्रॅकवर काय होईल याचा काही पत्ता लागत नाही.

दुसरा विजय २०१६ चा, पोकोनोचा. क्रिस ब्युशर पुढे होता, धुकं उतरलं, रेस थांबली ती पुन्हा सुरूच झाली नाही. आपल्याकडे पावसाने सामना बुडाला आणि डकवर्थ-लुईसने जिंकलो, तसलाच प्रकार. गंमत पुढे आहे. त्या वेळी बाद फेरीत (मोसमाच्या शेवटच्या दहा रेस, जिथे निवडक सोळांचीच जेतेपदासाठी लढत असते) जायला विजयासोबत गुणतक्त्यात पहिल्या तिसांत असणंही लागायचं, आणि विजयानंतरही ब्युशर एकतिसावा होता! मग काही आठवडे या टीमचे चाहते तिसाव्या आणि एकतिसाव्या जागेचा हिशोब करत बसले. ब्रिस्टलला तो पाचवा आला आणि काम झालं. त्या मोसमात माझ्या लेखी ब्रिस्टलचा पाचवा क्रमांक पोकोनोच्या विजयापेक्षा मोठा.

आता याच टीमच्या मायकल मॅकडॉवेलचे दोन विजय शेजारी ठेवा. २०२१ चा डेटोना ५००. पावसामुळे रेस मध्यरात्रीनंतर संपली. शेवटच्या लॅपला पुढचे दोघं, कीसलोव्स्की आणि लोगानो, एकमेकांत अडकले, आगीचा लोळ उठला आणि मॅकडॉवेल मधून निसटला. ३५८व्या रेसमध्ये पहिला विजय. पूर्ण रेसमध्ये तो पुढे होता फक्त एक लॅप, तोही शेवटचा. दुसरा विजय ऑगस्ट २०२३ चा, इंडियानापोलिसच्या रोड कोर्सवर. ८२ पैकी ५४ लॅप तोच पुढे, मागे चेस इलियटसारखा नावाजलेला ड्रायव्हर एका सेकंदाच्या आत चिकटलेला, आणि हा शेवटपर्यंत डगमगला नाही. पहिल्याने टीमला नाव आणि पैसा मिळवून दिला. टीम सुधारली की नाही हे विचारायचं असेल तर दुसरा बघा.

पायरी ४: रेस चालू असताना काय बघायचं

टीव्ही पुढच्या पाच गाड्याच दाखवतो. तुमची गाडी दिसली तर बहुधा ती भिंतीला लागलेली असेल किंवा पुढचा तिला एक लॅप मागे टाकत असेल. म्हणून फोनवर नॅसकारचं ॲप उघडून ठेवा. लीडरबोर्ड तर आहेच, ड्रायव्हर आणि क्रू चीफचं (गाडीची तयारी आणि रेसचे डावपेच बघणारा माणूस) रेडिओवरचं बोलणंही ऐकता येतं. ट्रॅकवर गेलात तर त्यासाठी स्कॅनर भाड्याने मिळतो. कान झाकणारे मफ नक्की न्या, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी आधी.

पहिली गोष्ट: गाडी लीड लॅपवर आहे का, म्हणजे पुढच्याइतकेच लॅप तिने पूर्ण केलेत का. शार्लटला एक लॅप साधारण तीस सेकंदांचा. लॅपमागे अर्धा सेकंद हळू असलात तर साठ लॅपमध्ये एक पूर्ण लॅप मागे पडता. पिवळा झेंडा (धडक वगैरे झाली की गाड्या हळू चालवण्याचा इशारा) लागला की एक लॅप मागे असलेल्यांतल्या सगळ्यात पुढच्या गाडीला तो लॅप परत मिळतो. त्याला सगळे ‘लकी डॉग’ म्हणतात. छोट्या टीमच्या चाहत्यांची अर्धी रेस या एका जागेकडे डोळे लावण्यात जाते. मोसमभरात किती रेस लीड लॅपवर संपवल्या हे मोजा. गेल्या वर्षी दीड मैलाच्या ट्रॅकवर दोन लॅप मागे राहणारी गाडी यंदा लीड लॅपवर राहत असेल, तर क्रमांक तोच असला तरी ती सुधारली आहे.

दुसरी: पिट, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायची जागा. भिंत ओलांडून पाच जण उतरतात. दोघं टायर बदलणारे, एक टायर आणणारा, एक जॅकवाला, एक इंधन भरणारा. २०२२ मध्ये सगळ्या टीमसाठी आलेल्या नव्या गाडीपासून चाकाला मधोमध एकच नट असतो. गनचा एक करकरीत आवाज, चाक बाहेर, दुसरं आत, पुन्हा तो आवाज, आणि जॅकवाला तोवर दुसऱ्या बाजूला धावलेला असतो. चांगल्या क्रूचे चार टायर नऊ-दहा सेकंदांत होतात. तुम्हाला घड्याळ लावायची गरज नाही. पिवळ्या झेंड्यात गाडी पिटमध्ये कितवी शिरली आणि कितवी बाहेर आली एवढंच लिहा. दर वेळी तीन-चार जागा जात असतील तर ड्रायव्हरला दोष देऊ नका.

तिसरी, आणि माझी सगळ्यात आवडती: रेडिओवरची तक्रार. ‘टाइट’ म्हणजे पुढची चाकं वळत नाहीत, गाडी भिंतीकडे सरकते. ‘लूज’ म्हणजे मागची बाजू निसटते. ड्रायव्हर तिसाव्या लॅपला म्हणतो, वळणाच्या मध्यात फार टाइट आहे. पुढच्या पिटला कुणीतरी मागच्या काचेतून लांब पाना घालून फिरवतो, टायरमधली हवा थोडी कमी-जास्त करतात. मग पन्नास लॅपनंतर तोच ड्रायव्हर काय म्हणतोय ते ऐका. तक्रार कमी झाली असेल तर क्रू चीफला गाडी कळते आहे. तीच तक्रार रेसच्या शेवटीही तेवढ्याच जोरात असेल, आणि पुढच्या तीन रविवारीही, तर रोग वर्कशॉपमध्ये आहे.

भारतातून बघणाऱ्यांसाठी एवढंच: उन्हाळ्यात इथली दुपारी तीनची रेस म्हणजे तिकडे रात्रीचे साडेबारा. शार्लटची ६०० मैलांची रेस तर सोमवारी पहाटे साडेतीनला सुरू होते. ती दुसऱ्या दिवशी बघा आणि तोवर निकाल कुणालाही सांगू देऊ नका.

पायरी ५: पात्रता फेरीवर भाळू नका

पात्रता फेरीत रेसमधला सुरुवातीचा क्रमांक ठरतो. पुढून सुरुवात केली की बरं वाटतं, पण एकटी गाडी दोन मिनिटं पळणं वेगळं आणि तीन तास घोळक्यात पळणं वेगळं. २०२४ मध्ये मॅकडॉवेलने सहा वेळा पहिल्या जागेवरून सुरुवात केली, त्यातल्या पाच डेटोना-टॅलाडेगा-अटलांटा प्रकारच्या ट्रॅकवर. त्या वर्षी विजय शून्य. टॅलाडेगाला तर शेवटच्या लॅपला तो पुढे होता, मागच्याला अडवायला गेला आणि गाडी फिरली.

पायरी ६: मागच्या वर्षीचा तोच ट्रॅक

गेल्या रविवारची या रविवारशी तुलना करू नका. मार्टिन्सव्हिलची तुलना मार्टिन्सव्हिलशीच. वर्षातून दोनदा मोसमाकडे एकत्र बघा: जूनच्या सुमारास आणि २६ रेस झाल्यावर.

असं केलं नाही तर काय होतं याचा नमुना याच टीमच्या दोन वर्षांत आहे. २०२१ मध्ये मॅकडॉवेल गुणतक्त्यात सोळावा, २०२२ मध्ये तेविसावा. सात जागांची घसरण! पण वही काय सांगते? २०२१ ची सुरुवात पहिला, आठवा, सहावा अशी झाली आणि मग गाडी विझत गेली. पूर्ण मोसमात पहिल्या दहांत पाच वेळा. २०२२ मध्ये बारा वेळा, तोवरच्या त्याच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम.

मग सोळावा आणि तेविसावा कुठून आले? २०२१ मध्ये डेटोनाच्या एका विजयाने तो बाद फेरीच्या सोळांत बसला. एकदा त्या सोळांत शिरलं की कितीही वाईट गेलं तरी सोळाव्याखाली जाता येत नव्हतं. तो बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात बाहेर पडला आणि सोळावा राहिला. २०२२ मध्ये विजय नव्हता. शिवाय जुलैत पोकोनोनंतर एका भागात फेरफार केल्याबद्दल टीमवर कारवाई झाली. नव्या गाडीचे बहुतेक भाग ठरावीक पुरवठादाराकडूनच घ्यायचे आणि त्यांना हात लावायचा नाही, असा नियम आहे. १०० गुण कापले, एक लाख डॉलर दंड, क्रू चीफ ब्लेक हॅरिस चार रेस घरी. १०० गुण म्हणजे पाच रेसमध्ये सतरावं येऊन मिळवलेली सगळी कमाई. ही चूक टीमचीच, तिला माफी नको. पण गाडी मंदावली होती असं म्हणणाऱ्याने रेस बघितल्या नव्हत्या.

नव्या गाडीचाही यात हात आहे. सगळ्यांना तेच भाग मिळू लागल्यावर मोठ्यांची वर्कशॉपमधली आघाडी थोडी आटली, आणि २०२२ मध्ये १९ वेगवेगळे विजेते झाले. म्हणून २०२१ आणि २०२२ मध्ये एक रेघ मारून ठेवा. रेघेच्या दोन्ही बाजूंचे आकडे सरळ ताडून बघू नका.

२०२६ पासून पद्धत पुन्हा बदलली. आता विजय मिळाला म्हणजे बाद फेरीची जागा मिळाली असं नाही. २६ रेसनंतर गुणांवर पहिले सोळा, आणि पुढच्या दहा रेसमध्ये त्यांचीच लढत. छोट्या टीमची एका रविवारची लॉटरी यामुळे बंद झाली. अनेक जण यावर हळहळले. मी नाही. आता सतराव्या-अठराव्या क्रमांकाच्या साध्या रविवारांना किंमत आली आहे.

पायरी ७: ट्रॅकबाहेरच्या बातम्या

छोटी टीम चांगली चालली की तिची माणसं पळवली जातात. बारा वेळा पहिल्या दहांत आणणारा ब्लेक हॅरिस २०२३ मध्ये हेंड्रिककडे गेला. त्याच्या जागी आलेल्या ट्रॅव्हिस पीटरसनसोबत इंडियानापोलिस जिंकलं, आणि २०२५ ला मॅकडॉवेल आणि पीटरसन दोघंही स्पायर या दुसऱ्या टीमकडे. नोव्हेंबरनंतर अशी बातमी आली तर वाईट जरूर वाटू द्या, पण मोसम चांगला गेल्याची ती पावतीच असते. उलट माणूस काढून टाकल्याची बातमी मोसमाच्या मधेच आली तर तुमच्या वहीत तिचं कारण आधीच लिहिलेलं सापडायला हवं.

बॉनेटवरच्या जाहिराती मोजा. दर दोन आठवड्यांनी नवा प्रायोजक म्हणजे पैसा तुकड्यातुकड्याने येतोय. आणि चार्टरकडे लक्ष ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रंट रो आणि मायकल जॉर्डनची भागीदारी असलेली २३एक्सआय यांनी नव्या चार्टर करारावर सही न करता नॅसकारला कोर्टात खेचलं. २०२५ च्या उत्तरार्धात या दोन्ही टीम चार्टरशिवाय, ओपन गाड्या म्हणून धावल्या. डिसेंबरमध्ये खटला चालू असतानाच समझोता झाला आणि चार्टर कायमस्वरूपी झाले. त्या महिन्यांतले फ्रंट रोचे आकडे वाचताना शेजारी ही ओळ लिहिलेली असली पाहिजे.

नवा मोसम सुरू होताना फेब्रुवारीत डेटोना ५०० मजेत बघा, मित्रांना घरी बोलवा, वडे तळा. वहीत तिचा निकाल पहिल्या ढिगात टाकून द्या. जोखायला सुरुवात मार्चमध्ये लास व्हेगासची रेस झाल्यावर करा, आणि त्या दिवशी आधी गेल्या वर्षीचं लास व्हेगासचं पान उघडा.